सूर्यापेक्षा गरम भट्टी: वेजवूडचे तीन पेपर वाचताना

१७८४ साली छापलेल्या एका नियमावर विश्वास ठेवायचा, तर त्या काळी इंग्लंडमधल्या चहाच्या बशा सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त तापमानाला भाजल्या जात होत्या. नियम जोसाया वेजवूडचा. हो, तोच, ज्याच्या नावाची निळी-पांढरी भांडी आजही संग्रहालयांत काचेमागे असतात. त्याच्या कारखान्यातल्या साय-रंगाच्या भांड्यांची (क्वीन्स वेअर) भाजणी त्याने स्वतःच बनवलेल्या पायरोमीटरवर मोजली, तेव्हा वाचन आलं ८६. याचं फॅरनहाइटमध्ये रूपांतर त्याच्याच नियमाने केलं की १२,२५७ अंश येतात, म्हणजे आपल्या हिशोबात ६,७९० अंश सेल्सियसच्या वर. सूर्याचा पृष्ठभाग साधारण ५,५००. बीड वितळायला त्याच्या कोष्टकात १७,९७७ अंश फॅरनहाइट लागतात, म्हणजे जवळपास १०,००० सेल्सियस. खरा आकडा ११५० ते १२०० च्या मधला.

मी बरीच वर्षं हा किस्सा विनोद म्हणून सांगत आलो. ज्युनिअर मुलांना कॅलिब्रेशन शिकवताना हमखास हशा मिळायचा. मग मागच्या वर्षी, थिसिसच्या एका प्रकरणासाठी, वेजवूडचे मूळ तीनही पेपर बसून वाचले आणि माझा विनोद मलाच थोडा लाजिरवाणा वाटायला लागला. आकडे चूक आहेतच, त्यात सूट नाही. पण चूक कुठे झाली याबद्दल मी जे गृहीत धरलं होतं ते चूक होतं. तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेटच्या मुलाखतीची किंवा पहिल्या प्रस्तावाची तयारी करताय. जुना पेपर कसा वाचायचा हा प्रश्न तुमच्यापुढे येणारच, म्हणून हे वाचन तुमच्यासमोर मांडतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. १७८२ चा पहिला पेपर भट्टीचा प्रश्न विचारतो आणि त्याचं उत्तर उत्तम देतो. १७८४ चा दुसरा पेपर त्याच उपकरणाला भौतिकशास्त्राचा प्रश्न विचारतो आणि तिथे सगळं कोसळतं. इतिहासाने मात्र दुसऱ्या पेपरवरून पहिल्याला नापास केलं.

आता भट्टीचा प्रश्न म्हणजे काय, ते आधी बघू. त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

स्टॅफर्डशायरमधल्या कारखान्यांत अठराव्या शतकाच्या मध्यापासून भांडी दोनदा भाजायची पद्धत रुळली. पहिली भाजणी कोरी, तिला बिस्किट म्हणायचे. मग ते भांडं ग्लेझच्या पातळ रबडीत बुडवायचं. ही रबडी म्हणजे शिशाचं संयुग, भाजून दळलेली गारगोटी आणि पाणी. वाळलं की दुसरी भाजणी, ग्लॉस्ट, जिच्यात ती पूड वितळून काचेसारखी झिलई चढते. त्यांच्याकडे पहिली भाजणी जास्त उष्ण आणि दुसरी कमी, हे लक्षात ठेवा. भट्टी बाटलीच्या आकाराची, विटांची, दोन-तीन मजली घराएवढी. तळाशी गोलाकार चुली, त्यात दगडी कोळसा. भांड्यांना धूर आणि राख लागू नये म्हणून ती जाड मातीच्या डब्यांत, सॅगरमध्ये, भरायची आणि डब्यांवर डबे रचत छतापर्यंत न्यायचे. एकदा दार विटांनी बंद केलं की आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही.

आता या अंधारात दोन-तीन दिवस आग चालवायची आणि योग्य क्षणी थांबवायची. थोडी आधी थांबवली तर माती कच्ची. थोडी उशिरा, तर भांडी वाकतात, रंग बदलतो. आणि भट्टीभर उष्णता सारखी नसतेच, वर एक, मध्ये एक, चुलीजवळ तिसरीच. निर्णय घ्यायचा भट्टीवाल्याने. तो ज्वाळेचा रंग बघायचा, आणि भिंतीतल्या भोकातून लोखंडी सळईने आतली चाचणीची कडी बाहेर काढायचा. ग्लॉस्ट भट्टीत या कड्यांवर ग्लेझ चढवलेलं असायचं. ते किती वितळलं, रंग किती गडद झाला, यावरून पुढचा कोळसा टाकायचा की नाही ते ठरायचं. म्हणजे बघा, तापमापक होताच. तो ग्लेझचाच होता. फक्त त्यावर आकडे नव्हते, आणि ते वाचणारा डोळा एका माणसाच्या डोक्यात होता.

वेजवूडच्या प्रयोगांच्या नोंदींत एक गंमत आहे. चाचणीच्या तुकड्यांवर त्याने खुणा केल्यात: बिस्किट भट्टीचा वरचा भाग, बिस्किट भट्टीचा मधला भाग, आणि सगळ्यात वरच्या टोकासाठी तर ‘अगदी टोकाचं टोक’ अशा अर्थाची आद्याक्षरं. मला हे फार आवडतं. तापमान मोजता येत नाही ना, मग जागा लिहून ठेवू. भट्टीतली जागा हीच त्याची पट्टी. तुम्ही कधी भट्टीत नमुने ठेवले असतील तर हसू नका. आजही आमच्या लॅबच्या वहीत ‘मागच्या बाजूला, डावीकडे’ असं लिहिलेलं सापडेल, आणि ज्यांच्या वहीत नाही त्यांच्या वहीत ते असायला हवं होतं.

पण जागा ही पट्टी फक्त त्याच भट्टीत चालते. एट्रुरियाचा कारखाना १७६९ मध्ये सुरू झाला. १७७४ पर्यंत रशियाच्या कॅथरीनसाठी नऊशेहून अधिक नगांचा एकच संच तिथून गेला. एवढी भांडी एका भाजणीत होत नाहीत, आणि रंग तर सगळ्यांचा जुळायला हवा. साय-रंग हा अगदी फसवा रंग. भाजणी जराशी इकडे-तिकडे झाली की पिवळा झाक मारतो नाहीतर फिका पडतो, आणि दोन फिकट पिवळे शेजारी ठेवले की कोणालाही फरक दिसतो. तर वेजवूडला हवं होतं ते इतकंच: आजची भाजणी परवाच्या भाजणीइतकीच झाली की नाही, हे सांगणारा आकडा. ती किती अंश होती, हे नव्हे.

पहिला पेपर १७८२ मध्ये रॉयल सोसायटीच्या फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये आला. सुरुवातीला तो सरळ तक्रार मांडतो. प्रयोगाचा तुकडा किती उष्णतेतून गेला हेच नीट ठरवता येत नाही, आणि लाल, चकचकीत लाल, पांढरी असे शब्द वापरून भागत नाही, कारण एकेका शब्दात कितीतरी पायऱ्या दडलेल्या असतात. मग तो आपला आधीचा, फसलेला उपाय सांगतो. मातीत लोहाची भस्मं मिसळून तुकडे बनवले होते, उष्णता वाढेल तसे त्यांचे रंग बदलत जायचे. पण रंगांची नावं एकाने सांगितलेली दुसऱ्याला तशीच कळतील याची खात्री नाही. फसलेला उपाय पेपरमध्ये लिहायचं धाडस आज किती जण करतात? आपण तो परिच्छेद गाईडकडे जायच्या आधीच खोडतो.

मग येतो खरा उपाय. चिकणमाती भाजताना आक्रसते, आणि उष्णता जास्त तितकी जास्त आक्रसते. थंड झाल्यावर परत फुगत नाही. म्हणजे मातीचा तुकडा आपण सोसलेल्या सर्वाधिक उष्णतेची आठवण ठेवतो. भट्टीत पारा टिकत नाही, आत डोकावता येत नाही. पण आठवण ठेवणारा तुकडा आत ठेवून नंतर बाहेर काढता येतो. कॉर्नवॉलच्या मातीचे छोटे तुकडे करायचे, मंद लाल उष्णतेत थोडे भाजून घट्ट करायचे, मग भट्टीत ठेवायचे. मोजायला पितळी पट्ट्या: दोन पट्ट्या शेजारी, पण समांतर नाहीत. एका टोकाला त्यांच्यात अर्ध्या इंचाचं अंतर, २४ इंच पुढे गेल्यावर ०.३ इंच. तुकडा या निमुळत्या गल्लीत सरकवायचा. जिथे अडकेल तिथला आकडा वाचायचा. २४ इंचांचे २४० भाग.

याचं गणित स्वतः करून बघा, दोन मिनिटं लागतात. ०.२ इंचाचा फरक २४ इंचांवर पसरलाय, म्हणजे १२० पट मोठा करून दाखवलाय. एक भाग म्हणजे रुंदीत १/१२०० इंच, सुमारे ०.०२ मिलिमीटर. तुकड्याच्या रुंदीच्या १/६००. स्क्रू नाही, भिंग नाही, आणि कारखान्यातला कोणीही वाचू शकेल असं. उपकरणाची रचना म्हणून हे आजही सुंदर आहे.

आता दुसरा पेपर, १७८४. मधल्या काळात वेजवूड रॉयल सोसायटीचा फेलो झालाय. साहजिकच लोकांनी विचारलं असणार: ठीक आहे, पण तुमचे अंश म्हणजे फॅरनहाइटचे किती? आणि त्याने उत्तर द्यायचं ठरवलं. पाऱ्याचा तापमापक जिथे संपतो आणि मातीचा जिथे सुरू होतो, त्यांच्यामध्ये पूल हवा. पुलासाठी त्याने चांदी घेतली. चांदीचा तुकडा गरम केला की प्रसरण पावतो. ते प्रसरण कमी तापमानाला पाऱ्याशी जोडायचं आणि जास्त तापमानाला मातीशी. निष्कर्ष: त्याच्या पट्टीचा शून्य, म्हणजे दिवसाउजेडी दिसणारी लाल उष्णता, १०७७.५ अंश फॅरनहाइट. आणि तिथून पुढे त्याचा एक अंश म्हणजे १३० अंश फॅरनहाइट.

कल्पना चांगली आहे. अज्ञात प्रदेशात जायचं तर ओळखीच्या प्रदेशापासून साखळी जोडत जायचं, हे आजही आपण करतो. पण साखळीच्या दोन कड्या तपासा. पहिली: चांदी कमी तापमानाला जशी प्रसरण पावते तशीच पुढेही पावेल. नाही पावत, जास्त तापमानाला ती दर अंशाला जास्त फुगते. त्यामुळे जुना दर धरून हिशोब केला की तापमान खऱ्यापेक्षा जास्त येतं. दुसरी कडी जास्त घातक. चांदी स्वतः वितळते त्याच्या आतच पूल संपतो. त्याच्या पट्टीवर चांदी वितळली २८ ला. म्हणजे २४० घरांपैकी पहिली २८ सुद्धा पूर्ण तपासलेली नाहीत, आणि बाकी सगळी पट्टी ‘असंच पुढेही चालेल’ या भरवशावर ओढलेली सरळ रेषा आहे.

माती सरळ रेषेत आक्रसत नाही. केओलिन साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सियसच्या दरम्यान आपल्या रचनेतलं पाणी सोडतं. त्यानंतर बराच वेळ फारसं काही होत नाही. साडेनऊशे-हजारच्या आसपास अचानक आकुंचन वेग घेतं. वेजवूडचा शून्य सेल्सियसमध्ये ५८१ येतो. म्हणजे त्याने आपली रेषा नेमकी त्या सुस्त भागात बेतली, जिथे खूप तापवलं तरी माती थोडीच आक्रसते, आणि ती नेली अशा भागात जिथे थोडं तापवलं तरी माती भराभर आक्रसते.

मी पेन्सिलीने एक हिशोब केला. त्याचे अंश घ्या, पण शेजारी आज माहीत असलेली तापमानं मांडा. शून्याला त्याचाच ५८१ ठेवू. २८ ला चांदी वितळते, ती खरं तर ९६२ ला. म्हणजे या भागात त्याचा एक अंश सरासरी १३.६ अंश सेल्सियसचा. २८ पासून १३० पर्यंत, चांदीपासून बीडापर्यंत, १०२ अंशांत तापमान वाढतं फक्त दोनशे-सव्वादोनशेने. म्हणजे एक अंश सरासरी दोन अंश सेल्सियसचा. वेजवूडने सगळीकडे धरला ७२. प्रत्येक मोजणीत आच किती वेळ दिली हे वेगवेगळं असणार, म्हणून या आकड्यांना फार घट्ट धरू नका. पण कल स्पष्ट आहे.

हा हिशोब झाल्यावर मी जरा वेळ गप्प बसलो. कारण याच आकड्यांची दुसरी बाजू बघा. बिस्किट भाजणी होते साधारण ११०० ते ११५० ला. नेमक्या याच पट्ट्यात त्या उपकरणाचा एक अंश दोनेक सेल्सियसचा आहे. कारखान्याला जिथे बारीक फरक कळायला हवा, तिथेच ते सर्वात तीक्ष्ण. जी वक्रता दुसऱ्या पेपरमध्ये त्याला बुडवते, तीच पहिल्या पेपरमध्ये त्याच्या कामी येते. तापमापक म्हणून ते भयंकर आहे. भाजणीमापक म्हणून १७८२ मध्ये त्याच्या जवळपासही दुसरं काही नव्हतं.

आणखी एक मुद्दा, जो मला कुठे ठळकपणे मांडलेला सापडला नाही. आकुंचन म्हणजे काय? मातीच्या कणांमधली पोकळी कमी होणं. आणि ग्लेझ चढतं ते कशामुळे? त्याच पोकळीमुळे. कोरं भांडं रबडीत बुडवलं की ते पाणी शोषतं आणि पूड बाहेर थर धरते. कच्चं भाजलेलं भांडं जास्त शोषतं, थर जाड. जास्त भाजलेलं कमी शोषतं, थर पातळ आणि विरळ. जाड थर ओघळतो, कच्च्या अंगावरची झिलई पुढे बारीक तडे जाऊन जाळीसारखी फुटते. माठ घेताना आपली आई बोटाने टिचकी मारून आवाज ऐकते ना, आणि फार भाजलेला माठ पाणी गार करत नाही म्हणून नाकारते, तोच प्रकार. तिला कुंभाराच्या आव्याचं तापमान नको असतं, मातीत छिद्रं किती उरली ते हवं असतं. तर वेजवूडचा तुकडा ग्लेझवाल्याला जे कळायला हवं, जवळपास तेच मोजतो. तापमान हा मधला दलाल आहे. १७८२ च्या पेपरमध्ये दलाल नाही. १७८४ मध्ये वेजवूडने तो स्वतःहून आणला.

वेळेचंही तसंच. वेजवूडची मोजणी असं धरून चालते की आकुंचन फक्त सर्वाधिक उष्णतेवर ठरतं. ते वेळेवरही ठरतं. थोड्या कमी उष्णतेत जास्त वेळ ठेवलेला तुकडा आणि जास्त उष्णतेत कमी वेळ ठेवलेला तुकडा सारखेच आक्रसू शकतात. तापमापकासाठी हा दोष. पण भांडीही तशीच भाजली जातात. तुकडा आणि भांडं शेजारी बसून सारखाच वेळ सारखीच आच सोसतात, म्हणून तुकड्याला भांड्याबद्दल बोलायचा अधिकार मिळतो.

इथे माझा एक अनुभव सांगावा लागेल. अॅल्युमिनाच्या गोळ्या, एकच पावडर, एकच दाब, १५०० अंश, दोन तास. पडद्यावर १५०० च दिसतंय, ग्राफ आरशासारखा. आणि दाराजवळच्या गोळ्यांची घनता मागच्यांपेक्षा दरवेळी कमी. दोन महिने मी पावडरला दोष दिला. थर्मोकपल मागच्या भिंतीला चिकटलेला होता. तो भिंतीचं तापमान अगदी प्रामाणिकपणे सांगत होता. शेवटी एका सिनिअरने आकुंचन मोजायच्या तयार रिंगा ट्रेवर ठेवायला सांगितल्या. भाजून झाल्यावर व्यास मोजायचा आणि कोष्टकात बघायचं. हे विज्ञान मला फार आधुनिक वाटलं होतं. आता माहीत आहे, की ते १७८२ चं आहे.

दुसऱ्या पेपरवर माझा आणखी एक आक्षेप आहे, आणि इथे मी वेजवूडला सोडणार नाही. त्याच्या कोष्टकात तांबं वितळतं २७ ला, चांदी २८ ला, सोनं ३२ ला. खरी क्रमवारी: चांदी ९६२, सोनं १०६४, तांबं १०८५. पट्टी वाकडी असली तरी क्रम बिघडायला नको. लवचीक फूटपट्टीनेही उंच माणूस बुटका होत नाही. क्रम बिघडतो तेव्हा समजायचं की वाचनातच काही अंशांची अनिश्चितता आहे, किंवा पदार्थ आपण समजतो तो नाही (उघड्या हवेत तापवलेलं तांबं ऑक्सिजन घेतं आणि शुद्ध तांब्याच्या आधी वितळू लागतं), किंवा दोन्ही. २७ आणि २८ यांच्यात फरक आहे असं म्हणायला त्याच धातूची चार-पाच वाचनं शेजारी हवीत. कोष्टकात एकेकच आकडा उभा आहे. वर १७,९७७ सारखा पाच अंकी थाट. १३० ने गुणल्यामुळे आलेले अंक मोजल्यामुळे आल्यासारखे दिसतात. तुमच्या प्रस्तावातल्या दशांश चिन्हांकडे एकदा बघून घ्या.

तिसरा पेपर १७८६ चा, आणि तो मला माणूस म्हणून सगळ्यात जवळचा वाटतो. अडचण अशी, की सुरुवातीला वापरलेली माती आणि नंतरची माती सारखी वागेना. एकाच भागातली, तरी. मग तो मिश्रण करून, तुरटीपासून मिळवलेली माती घालून, जुन्या तुकड्यांशी जुळणारे नवे तुकडे बनवायचा प्रयत्न करतो. म्हणजे ज्या मापाने सगळ्यांच्या भट्ट्या जुळवायच्या, ते मापच एका माणसाच्या गोदामातल्या ढिगावर अवलंबून. बाकीचे ते फक्त त्याच्याकडून विकत घेऊ शकतात, स्वतः बनवू शकत नाहीत. पहिल्या पेपरमध्ये यावर जास्त काळजी असायला हवी होती. हा त्या पेपरचा खरा दोष, फॅरनहाइटचे आकडे नव्हेत.

पुढचा इतिहास भरभर सांगतो. फ्रान्समध्ये गितों द मोर्व्होने १८०३ च्या सुमारास प्लॅटिनमचा पायरोमीटर बनवून वेजवूडचे आकडे फुगलेले आहेत हे दाखवलं. इंग्लंडमध्ये डॅनिएलने प्लॅटिनम वापरूनच ते आणखी खाली आणले. आणि मध्ये एक नाव आहे जे वाचून मी खुर्चीतून उठलो: जेम्स प्रिन्सेप. हो, ब्राह्मी लिपी उलगडणारा प्रिन्सेप. त्याआधी तो बनारसच्या टांकसाळीत धातू पारखायच्या कामावर होता, आणि १८२८ मध्ये त्याच फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्समध्ये उच्च तापमान मोजण्यावर त्याचा पेपर आला. चांदी-सोनं आणि सोनं-प्लॅटिनम यांची ठरावीक प्रमाणातली मिश्रणं करायची, त्यांचे बारीक मणी मुशीत ठेवायचे, आणि कुठला वितळला आणि कुठला नाही ते बघायचं. इथे माप गोदामावर अवलंबून नाही. शुद्ध धातू आणि चांगला तराजू असेल तर पट्टी बनारसमध्येही बनते आणि पॅरिसमध्येही. वेजवूडच्या तिसऱ्या पेपरला मिळालेलं सगळ्यात चांगलं उत्तर, माझ्या मते, हेच.

पण कारखाने प्रिन्सेपच्या वाटेने गेले नाहीत, हे विसरू नका. १८८६ मध्ये बर्लिनच्या पोर्सलिन कारखान्यात हेरमान झेगरने मातीचे निमुळते शंकू आणले, जे ठरावीक भाजणीला माना टाकतात. आज पुण्यातल्या स्टुडिओत मातीकाम शिकणारेही ‘कोन सहा’, ‘कोन दहा’ म्हणतात, ते त्याच कल्पनेमुळे. स्टॅफर्डशायरमध्ये बुलरच्या कड्या आल्या. त्या तर सरळसरळ आकुंचनच मोजतात. थर्मोकपल आल्यावरही हे गेलं नाही.

या विषयावर काय वाचावं असं विचाराल तर हासोक चँगचं ‘इन्व्हेन्टिंग टेंपरेचर’ (२००४), तिसरं प्रकरण. तापमान मोजता येत नाही तिथे तापमान ही कल्पनाच कशी पुढे न्यायची, हे इतकं स्वच्छ दुसऱ्या कोणी लिहिल्याचं मला माहीत नाही. पण त्यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी तापमान आहे. त्यामुळे वेजवूड त्या वाटेवरचा एक धाडसी, चुकलेला प्रवासी होतो. भट्टीतून बघितलं तर तो त्या वाटेवर नव्हताच, १७८४ मध्ये त्याने वळण घेतलं. दुसरं, नील मॅकेन्ड्रिक यांचा वेजवूडच्या कारखान्यातल्या शिस्तीवरचा १९६१ चा लेख. तो वाचून मग पहिला पेपर परत उघडा, वेगळाच दिसतो. वाचता येणारा आकडा म्हणजे भट्टीवाल्याच्या डोळ्यातलं ज्ञान मालकाच्या वहीत जाणं. पेपरमध्ये भट्टीवाला कुठेच नाही. अलेक्झांडर चिझम हा रसायनाचा जाणकार वेजवूडकडे सहाय्यक होता, पण पेपरांवर नाव एकट्या वेजवूडचं.

आणि ग्लेझ बुडवणारा तर कुठल्याच कोष्टकात नाही. दिवसभर मनगटापर्यंत शिशाच्या रबडीत हात. आपण ‘थर जाड की पातळ’ असं सहज लिहितो, तो थर चढवणाऱ्या माणसांच्या अंगात शिसं भिनत होतं, हातपाय लुळे पडत होते. सरकारसाठी थॉर्प आणि ऑलिव्हर यांनी याच उद्योगातल्या शिशावर अहवाल दिला तो १८९९ मध्ये. वेजवूडच्या पहिल्या पेपरनंतर ११७ वर्षांनी. भट्टीची उष्णता १/६०० पर्यंत मोजणारा उद्योग हाताला लागणारं शिसं मोजायला इतका वेळ घेतो. हा पेपरचा दोष म्हणता येणार नाही, पेपर त्याबद्दल नाहीच. पण वाचताना मला ते दिसत राहिलं, म्हणून लिहिलं.

एक काम देतो. १७८४ च्या कोष्टकातले पाच पदार्थ घ्या: मुलामा भाजायची उष्णता (त्याचे ६ अंश, भांड्यावरचे मुलाम्याचे रंग खरं तर ७००-८०० सेल्सियसला भाजतात), तांबं, चांदी, सोनं, बीड. आडव्या अक्षावर आजचं तापमान, उभ्यावर त्याचे अंश. कागदावर, हाताने. त्याची सरळ रेषाही त्यावरच काढा, दर ७२ अंश सेल्सियसला एक घर. मग ११०० ते ११५० च्या पट्ट्यावर बोट ठेवा आणि बघा, तिथे कुठली रेषा जास्त उभी आहे. माझा कागद भट्टीच्या दारावर चिकटवलाय, कोपरा थोडा करपलाय.